वाचक विचारतात : रेबीज माणसापर्यंत येण्याआधी, जनावरातच कसा अडवायचा?

गेल्या अंकात २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनानिमित्त दिलेल्या छोट्या टिपणावर बरीच पत्रं आली. कुत्रं चावलं की जखम साबणाने धुवायची आणि लस घ्यायची, हे बहुतेकांना ठाऊक आहे. प्रश्न होते ते जनावरांचे : गोठ्यातल्या गाईचे, गावातल्या कुत्र्यांचे, मेलेल्या कुत्र्याचं करायचं काय याचे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमची गाय दोन दिवस खात नव्हती, घोगऱ्या आवाजात सारखी हंबरायची, तोंडातून लाळ. घशात काहीतरी अडकलंय म्हणून घरातल्या दोघांनी तोंडात हात घालून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मागचे पाय गेले, पाचव्या दिवशी मेली. डॉक्टर म्हणाले, रेबीज. पण तिला कुत्रं चावलेलं कुणीच पाहिलं नाही. दूध तर घरात सगळ्यांनी प्यायलंय. आता काय?
– दूध उत्पादक, फलटण तालुका

आधी माणसांचं बघू. तोंडात हात घातलेल्या दोघांनी आजच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं. किती दिवस उलटले याचा हिशेब करू नका. उशीर झाला तरी लस घ्यायचीच असते. हाताची कातडी पूर्ण धड असेल तर नुसती लाळ लागून रेबीज होत नाही, हे खरं. पण वैरण कापणाऱ्या आणि धार काढणाऱ्या माणसाच्या हाताला एखादी चीर, नखापाशी सोललेली कातडी नाही असं क्वचितच होतं. फुटलेल्या कातडीला लाळ लागली की तो तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गातला संपर्क धरतात आणि लसीबरोबर जखमेत रेबीजचं सीरमही (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. त्यामुळे डॉक्टरांना ‘गाय आजारी होती’ एवढंच सांगू नका. ‘पिसाळल्याचा संशय असलेल्या गाईच्या तोंडात हात घातला होता’ असं सांगा.

दुधाची धास्ती त्यामानाने कमी बाळगा. उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही, त्यामुळे चहातून, उकळून प्यायलेल्यांना लस लागत नाही. कुणी धारोष्ण प्यायलं असेल तर त्याने डॉक्टरांना तसं सांगावं. संशय आल्या दिवसापासून त्या गाईचं दूध डेअरीला घालायचं नाही आणि घरातही वापरायचं नाही.

चावा दिसला नाही, यात नवल नाही. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात. चावा रात्री, बहुतेक वेळा नाकपुडीला किंवा पायाला बसतो आणि लक्षणं येईपर्यंत जखम भरून केस आलेले असतात. म्हणून ‘चावलंच नाही’ या शब्दावर निदान सोडून देता येत नाही.

लक्षणांत फसवणारी गोष्ट म्हणजे घसा. गिळण्याच्या स्नायूंना लकवा होतो, लाळ आत जाऊ शकत नाही म्हणून बाहेर गळते. मालकाला वाटतं बटाटा अडकला किंवा काटा टोचला. आवाज बदलणं ही त्याच लकव्याची दुसरी खूण. बऱ्याच गाई सारख्या कुंथतात, शेपटी वर धरतात, माजावर आल्यासारख्या वागतात. कृत्रिम रेतनाला माणूस बोलावल्यावर रेबीज उघडकीला आल्याची उदाहरणंही आहेत. काही गाई दावं तोडून अंगावर येतात, पण सगळ्याच नाही. नुकत्याच व्यालेल्या गाईत किटोसिस (रक्तातली साखर कमी पडून होणारा विकार), मॅग्नेशियमची कमतरता किंवा शिशाची विषबाधा यांतही असलं विचित्र वागणं दिसतं, म्हणून निदान पशुवैद्यकाने करायचं. तोवर तुम्ही तीन गोष्टी टाळायच्या : तोंडात हात घालणं, बाटलीने काढा किंवा तेल पाजणं आणि बघ्यांची गर्दी. जनावर मजबूत दाव्याने वेगळं बांधा, पाणी-वैरण लांबून सरकवा आणि १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला किंवा जवळच्या दवाखान्याला कळवा. लक्षणं सुरू झाल्यावर उपचार नाही. ‘एक सलाईन लावून बघू’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

पिसाळलेलं कुत्रं कळपात घुसलं. सहा शेळ्या आणि एक रेडी चावली. अजून सगळी ठणठणीत आहेत. लस देता येते का, की उगाच खर्च?
– मेंढपाळ, सांगोला तालुका

देता येते आणि द्यावी. पण पहिलं काम तुमच्या हातातलं आहे : प्रत्येक जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार मोठी असतात. जखमेभोवतीचे केस कापा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा. हातात जाड हातमोजे हवेत; कुत्र्याची लाळ त्या केसांवर ओली असू शकते. मिरची, हळद, चुना, जळता कोळसा यातलं काहीही नको. यांनी मांस भाजतं आणि विषाणू आत मज्जातंतूकडे ढकलला जातो.

मग लस. चाव्याचा दिवस नव्हे, पहिल्या टोच्याचा दिवस शून्य धरायचा आणि ०, ३, ७, १४ व २८व्या दिवशी प्रत्येकी १ मिलि. शेळी असो वा रेडी, मात्रा तीच. काही पशुवैद्यक ९०व्या दिवशी आणखी एक देतात. सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या टोच्यापासून होतो. जनावर धडधाकट दिसतं आणि माणूस दवाखान्यात यायचं सोडतो. पाचही तारखा गोठ्याच्या दारावर खडूने लिहा. डोक्याला, तोंडाला चावलं असेल तर लसीला वेळच कमी मिळतो, तिथे चोवीस तासांच्या आत पहिला टोचा हवा.

चावलेली जनावरं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, सहा महिने विकू नका, कापू नका. न चावलेल्या शेळ्यांना धावपळीत लस देण्याची गरज नाही. शेळीकडून शेळीला हा रोग सहसा जात नाही. मात्र तुमच्या भागात असे हल्ले वारंवार होत असतील, तर पूर्ण कळपाचं वार्षिक लसीकरण परवडतं.

गावातल्या पोरांनी पिसाळलेलं कुत्रं काठ्यांनी मारून ओढ्याकाठी पुरलं. नंतर कळलं की त्याने तीन म्हशींना चावलं होतं. आता ते खरंच पिसाळलेलं होतं का, हे कसं कळणार?
– ग्रामपंचायत सदस्य, पाटण तालुका

कळणार नाही, आणि खरं नुकसान तिथेच झालं. पिसाळलेलं कुत्रं मारणं म्हणजे रोग संपवणं, हा समज फार जुना आहे. प्रत्यक्षात त्या कुत्र्याचं डोकं ही गावातल्या रोगाची एकमेव खात्रीची माहिती होती. काठीने डोकं फुटलं की मेंदूचा नमुना वाया जातो आणि उन्हाळ्यात दीड-दोन दिवस जमिनीत राहिलं की सडतो. शिवाय २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रेबीजची दाट शक्यता असलेलं कुत्रं वेगळं कोंडून ठेवायचं असतं, ते नैसर्गिकपणे मरेपर्यंत. बहुधा दहा दिवसांत ते मरतंच. पकडायला पशुवैद्यकीय विभागाची किंवा पालिकेची माणसं लागतात. पोरांचा तो उद्योग नाही.

मेल्यावर काय करतात, ते माहीत असू द्या, म्हणजे आडकाठी होणार नाही. रेबीजची आगाऊ लस घेतलेला पशुवैद्यकच हे काम करतो : दुहेरी हातमोजे, मास्क, चष्मा, गमबूट. कवटी फोडायची गरज नसते. मान जिथे डोक्याला मिळते तो सांधा उघडतात, मेंदूच्या तळाचं भोक दिसतं. त्यातून जाडसर प्लास्टिकची नळी फिरवत फिरवत डोळ्याच्या दिशेने आत ढकलतात. नळीत मेंदूचा देठ, लहान मेंदूचा बुंधा, हिप्पोकॅम्पस (मोठ्या मेंदूचा आतला भाग) असं सगळं एका रांगेत भरून येतं. नळी दाबून बाहेर काढतात आणि नमुना दोन बाटल्यांत घेतात : एक तसाच, बर्फाच्या डब्यात, दुसरा ५० टक्के ग्लिसरॉल-सलाइनमध्ये. फॉर्मलिनमध्ये बुडवून पाठवलेल्या नमुन्यावर नेहमीची चकाकती-प्रतिपिंड चाचणी (सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू चमकून दिसतो ती) नीट होत नाही, तरी हीच चूक सर्रास होते. मग तिहेरी वेष्टन आणि सोबत चिठ्ठी : कोणता प्राणी, कुठे सापडला, कधी मेला, कुणाकुणाला चावला, संपर्काचा फोन. राज्यात हे नमुने पशुसंवर्धन खात्याच्या औंध, पुणे इथल्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. वाट तालुक्याच्या दवाखान्यातूनच.

जागेवर दहा-पंधरा मिनिटांत निकाल देणारी पट्टीही मिळते. तिच्यावर रेघ उमटली तर लगेच कामाला लागता येतं. नाही उमटली, तर रोग नाही असं मानू नका. आणि कुणाला चावलं असेल तर त्याची लस अहवालासाठी थांबवायची नाही.

तुमच्या तीन म्हशींबद्दल : कुत्रं पिसाळलेलं होतं असंच धरा आणि आजपासून वर दिलेला पाच टोच्यांचा क्रम सुरू करा. शव पुरलेल्या जागी कुत्री उकरणार नाहीत इतकी, म्हणजे माणूसभर खोली आहे का ते पाहा. नसेल तर वरून चुना आणि भरपूर माती टाका. रेबीज २००९च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत आहे, म्हणजे संशयाची खबर देणं ही मालकाची आणि ग्रामपंचायतीची कायदेशीर जबाबदारी आहे. बातमी दाबून बाजार वाचत नाही.

आमच्या गावात गेल्या वर्षी ४० कुत्र्यांना लस दिली, फोटोही छापून आले. तरी या वर्षी पुन्हा कुत्रं पिसाळलं. लस खराब होती का?
– सरपंच, कोपरगाव तालुका

लसीवर संशय नंतर घेऊ. आधी सांगा, गावात एकूण कुत्री किती? हे माहीत नसेल तर ४० या आकड्याला अर्थ नाही. १८० कुत्र्यांपैकी ४० म्हणजे २२ टक्के. लागतात ७० टक्के, म्हणजे १२६.

हा ७०चा आकडा कुठून आला, ते समजून घेण्यासारखं आहे. एक पिसाळलेलं कुत्रं सरासरी एकापेक्षा जास्त पण दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देतं. म्हणजे कोणत्याही क्षणी निम्म्याच्या आसपास कुत्री सुरक्षित असली तरी रोगाची साखळी तुटते. मग सत्तर कशाला? कारण रस्त्यावरची कुत्री फार जगत नाहीत. समजा वर्षभरात दहापैकी चार मेली आणि त्यांच्या जागी लस न घेतलेली पिल्लं आली. मोहिमेच्या दिवशी असलेले ७० टक्के वर्षअखेरीस ४२वर येतात. साखळी तोडायला लागणाऱ्या पातळीच्या जेमतेम जवळ. तुम्ही २२ पासून सुरुवात केलीत, वर्षअखेरीस उरले १३.

याच हिशेबात, कुत्री मारून किंवा दूर सोडून का भागत नाही, त्याचंही उत्तर आहे. लस घेतलेली कुत्री गेली की त्यांच्या उकिरड्यावर शेजारच्या गावातली लस न घेतलेली कुत्री येतात. नसबंदीने कुत्र्यांची उलथापालथ कमी होते, म्हणून ती करावी, पण नसबंदीचा वेग बघत लसीकरण थांबवू नये. आजच्या आज रोग अडवते ती लस.

आता पद्धत. मोहीम वर्षभर रेंगाळत ठेवू नका. दोन-तीन दिवसांत गाव संपवा, शेजारची गावं त्याच पंधरवड्यात. सकाळी सहा ते दहा, कारण उन्हं चढली की कुत्री गटारात, गाडीखाली जाऊन बसतात. घरची कुत्री मालकाने साखळीला धरून चावडीवर आणायची, त्यासाठी आदल्या संध्याकाळी दवंडी. भटक्यांसाठी जाळी टाकणारी प्रशिक्षित माणसं. पिल्लांना वगळू नका. घरगुती वेळापत्रकात तीन महिन्यांनंतर लस देतात, पण सामूहिक मोहिमेत लहान पिल्लांनाही देतात. पुढच्या वर्षापर्यंत ती मोठी झालेली असतात आणि मधल्या काळात तीच सगळ्यात जास्त हाताळली जातात, तीही मुलांकडून.

टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर जनावरांसाठीच्या रंगाची खूण करा. आणि मग ती पायरी, जी जवळजवळ कुणीच करत नाही : दुसऱ्या दिवशी सकाळी लस टोचणाऱ्या पथकात नसलेल्या वेगळ्या माणसाने वही घेऊन प्रत्येक गल्ली फिरायची. दिसलेलं प्रत्येक कुत्रं मोजायचं, खूण असलेलं आणि नसलेलं. १०० दिसली, ६२ला खूण. म्हणजे ६२ टक्के. आकडा गल्लीवार लिहिलेला असेल तर कळतं की देवळामागे ८० आहे आणि कत्तलखान्यापाशी ३०. संध्याकाळी पथक पुन्हा कत्तलखान्यापाशी. चार-पाच दिवसांनी मोजलं तर रंग उडालेला असतो आणि मोजणी खोटी पडते.

लस टोचताना नेमक्या चुका कुठे होतात? आमच्या दवाखान्यात वीज सारखी जाते.
– पशुधन पर्यवेक्षक, गडचिरोली जिल्हा

लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये. वीज गेली की फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज काही तास तग धरतो. आत साधा तापमापक ठेवा आणि दिवसातून दोनदा आकडा लिहा. लोक उष्णतेला घाबरतात, पण लस गोठणंही तेवढंच वाईट. बहुतेक पशु-रेबीज लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो; गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि लसीचा जोर जातो. हलवल्यावर तळाशी चटकन कणीदार गाळ बसत असेल तर ती बाटली टाका. डीप फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक लगेच लसीच्या डब्यात ठेवू नका. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज यायला लागला की मग ठेवा.

टोचताना दहा मात्रांची बाटली प्रत्येक वेळी हलवून घ्या, नाहीतर पहिल्या कुत्र्याला पाणी आणि शेवटच्याला गाळ. जाळीतल्या धडपडणाऱ्या कुत्र्याला कातडीखाली टोचताना सुई चिमटीतून आरपार जाऊन लस बाहेर केसांत पडते. मोहिमेत ही चूक सर्रास होते. टोचल्यावर बोट फिरवून पाहा. केस ओले लागले तर पुन्हा पूर्ण १ मिलि द्या. तुमची स्वतःची आगाऊ लस झाली नसेल तर आधी ती.

ओळखीचं कुत्रं मुलाला चावलं. ते पाणी पीत होतं, म्हणजे पिसाळलेलं नाही ना?
– वाचक, लातूर

पाण्याची भीती माणसात दिसते. कुत्र्याला गिळता येत नाही, पण ते पाण्यात तोंड घालतं. कसोटी दहा दिवसांची आहे : चावल्यापासून दहा दिवस कुत्रं बांधून रोज पाहा. लाळेत विषाणू लक्षणांच्या काही दिवसच आधी येतो आणि लक्षणांनंतर कुत्रं लवकरच मरतं. दहाव्या दिवशी ते खात-पीत, धड असेल तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. मुलाची लस पहिल्या दिवशीच सुरू करायची. पुढचे टोचे थांबवायचे का, ते दहाव्या दिवशी डॉक्टर ठरवतील. या दहा दिवसांत कुत्र्याला लस टोचू नका, नाहीतर लसीमुळे आलेली मरगळ आणि रोग यांत गोंधळ होतो. चवताळणं हीच खूण धरून बसू नका. मुक्या प्रकारात कुत्रं अंधारात लपतं आणि खालचा जबडा लोंबतो. ‘हाड अडकलंय’ म्हणून तोंड उघडायला जाऊ नका.

गोव्यात रेबीज आटोक्यात आला म्हणतात. आम्ही सीमेवर राहतो, तिथे काय वेगळं केलं?
– शिक्षक, दोडामार्ग

गोवा सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून वर सांगितलेलंच काम पूर्ण राज्यभर आणि सलग वर्षं केलं. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस, प्रत्येक टोच्याची नोंद मोबाईलवर ठिकाणासह, शाळांत धडे आणि चोवीस तास चालणारी संशयित कुत्र्यांची खबर घेणारी यंत्रणा. कुत्र्यांतला रोग ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. आमच्या मते यातला सगळ्यात कमी चर्चेचा पण मोलाचा भाग म्हणजे ती खबर-यंत्रणा. एक निश्चित केस सापडली की त्या भोवतालच्या कुत्र्यांना तातडीने लस आणि चावलेल्या प्रत्येकाचा शोध.

सीमा कुत्र्याला दिसत नाही. तुमच्या बाजूला लसीकरण पातळ असेल तर रोग पुन्हा तिकडे जातो आणि उलटही. शिक्षक म्हणून तुम्ही एक सुरू करू शकता : शाळेत चाव्यांची वही. तारीख, वाडी, कुत्र्याचा रंग, ओळखीचं की अनोळखी, आणखी कुणाला चावलं का. एकाच दिवशी एकाच कुत्र्याने विनाकारण दोघा-तिघांना किंवा जनावरांना चावा घेतला, की त्याच दिवशी आरोग्य केंद्र आणि पशुवैद्यकीय दवाखाना दोघांनाही फोन. ही दोन खाती एकमेकांना विचारत नाहीत, तिथेच माहिती गळते.

उंदीर, मुंगूस, कोल्हा यांचं काय? (अनेक वाचक)

घरातला उंदीर, खार, ससा यांच्या चाव्यातून रेबीजची भीती बाळगण्याचं कारण सहसा नसतं. धनुर्वाताचं इंजेक्शन बघा. मुंगूस, कोल्हा, लांडगा, माकड यांचा चावा मात्र थेट गंभीर धरायचा, दहा दिवसांची वाट पाहायची नाही. तो नियम फक्त कुत्र्या-मांजरांसाठी आहे. भरदिवसा उसाच्या फडातून निघून वस्तीत शिरलेला, माणसाला न बुजणारा कोल्हा दिसला तर वन विभागाला कळवा, आणि मेलेला आढळला तर उघड्या हाताने उचलू नका.